साक्षीची बाटली

एक

अहवालातील एकच ओळ ठळक अक्षरांत छापलेली होती, आणि त्या ओळीने एका मुलीचे शरीर तिचे स्वतःचे राहू दिले नव्हते.

निवड स्पर्धेत ही मुलगी भारोत्तोलनाच्या सर्वांत हलक्या वजनगटात पहिली आली होती. स्पर्धेनंतर रीतसर तिच्या लघवीचा नमुना घेतला गेला, आणि त्यात लघवी वाढवणाऱ्या एका औषधाचा अंश सापडला. जे औषध डॉक्टर रुग्णाला स्वतःच्या हाताने लिहून देतो, तेच खेळाडूच्या अंगात सापडले की अपराध ठरते. कारण त्याने अंगातले पाणी काढून झटपट वजन उतरवता येते, आणि दुसरे काही घेतले असेल तर त्याच्या खुणाही पुसट करता येतात. हे औषध अंगात कोठून आले ते सुनावणीपर्यंत दाखवता आले नाही, तर तिला दोन वर्षे बारला हात लावता येणार नव्हता. हलक्या गटातल्या मुलीची दोन वर्षे म्हणजे बहुधा सगळीच.

मी अन्नपरीक्षण प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली बाई. लोक जे खातात त्यात जे नसायला हवे ते शोधणे, एवढेच मी आयुष्यभर केले. भारोत्तोलन संघटनेने चौकशीसाठी मला बोलावले तेव्हा व्यायामशाळेत पाऊल ठेवण्याचा माझा पहिलाच प्रसंग होता. रबरी जमिनीवर खडूच्या पुडीचा पातळ थर होता. दर थोड्या वेळाने कोणीतरी बार खाली सोडत असे, आणि त्या आवाजाबरोबर खिडक्यांच्या काचा दचकून पुन्हा शांत होत. त्या दणदणाटात, भिंतीलगतच्या बाकावर, हात मांड्यांखाली दाबून ती बसली होती. उचलायचे काही नसले की त्या हातांचे काय करायचे हे तिला कळत नसावे.

"मुंगी म्हणतात मला इथे," ती म्हणाली. "सगळ्यांच्या खांद्याला लागते, आणि स्वतःच्या वजनाच्या दुप्पट उचलते, म्हणून."

"काही घेतलं होतंस का तू?"

"मॅडम, घ्यायला कारण तरी पाहिजे ना! मला वजन उतरवावं लागतच नाही. गटाच्या मर्यादेच्या खालीच असते मी. वजन करायच्या सकाळी बाकीच्या मुली घोटभर पाण्यालाही घाबरतात, आणि मी त्यांच्यासमोर पोटभर न्याहारी करत बसते. शिव्या घालतात मला." तिला हसू आले, आणि आल्या वाटेने परत गेले.

प्रशिक्षकांना सगळे नुसते 'सर' म्हणत. गळ्यात टॉवेल, आवाजात सवयीची जरब. ते मला कोपऱ्यातल्या एका कुलूपबंद कपाटाकडे घेऊन गेले. आत लहान लहान काचेच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या; प्रत्येकीत चमचाभर पांढरी पूड, आणि झाकणावरून चिकटपट्टी, तिच्यावर आडवी सही.

"आमचा नियम आहे," सर म्हणाले. "प्रोटीनचा नवा डबा फोडला की पहिला चमचा या बाटलीत. उद्या कोणी म्हणालं, डब्यातच काही होतं, तर ही बोलेल. पोरी हिला साक्षीची बाटली म्हणतात."

"मुंगीच्या डब्याची साक्ष काय सांगते?"

"कालच अहवाल आला. स्वच्छ. काहीही नाही."

म्हणजे डबा आला तेव्हा निर्दोष होता. जे काही झाले ते नंतर झाले असावे. मी मुलींच्या कपाटांच्या ओळीकडे पाहिले. एकालाही कुलूप नव्हते.

सरांनी माझी नजर ओळखली. टॉवेलाने तोंड पुसत, खालच्या आवाजात ते म्हणाले, "स्पर्धेच्या आठवड्यात मुंगीचा डबा हातात घेऊन उभं असलेलं एक माणूस मी स्वतः पाहिलंय, मॅडम."

दोन

तिच्या दणदणीत आवाजामुळे तिला सगळे 'तोफ' म्हणत. ती मुंगीच्याच गटातली, निवड स्पर्धेत दुसरी आलेली. मुंगी बाद झाली तर संघात तीच जाणार होती. हाडापेराने मोठी असल्यामुळे दर स्पर्धेआधी तिला वजनाशी झगडावे लागे. कारण होते, संधी होती, आणि पाहणारा साक्षीदारही होता. इतके सगळे एकाच ठिकाणी जुळून आले की मला प्रयोगशाळेतली एक सवय आठवते: उत्तर फार लवकर हाती आले की काचपात्र पुन्हा धुऊन पाहावे.

"सरांनी सांगितलं ना? सांगणारच," माझ्यासमोर खुर्ची ओढून बसत ती म्हणाली. "हो, उघडला मी तिचा डबा. घाला बेड्या."

"कशासाठी उघडलास?"

"भूक लागली होती म्हणून! माझा डबा संपला होता. दोन चमचे ढापले. इथे सगळ्याच एकमेकींचं ढापतात, मलाच तेवढं पाहिलं सरांनी."

"वजन उतरवायला गोळी घेतली आहेस कधी?"

तिचा आवाज प्रथमच खाली आला. "घामाचे जाड कपडे घालून पळते. जेवणाच्या ताटाकडे पाठ करून बसते. रडतेसुद्धा, लिहायचं तर लिहा. पण गोळी नाही. मला हिला हरवायचंय मॅडम, पण बारवर. असं फुकटात जिंकून काय करू? आयुष्यभर लोक म्हणतील, हिनेच घातलं काहीतरी."

मी उठणार, इतक्यात ती पुटपुटली, "आणि ढापून तरी काय मिळालं? घशाखाली उतरलं नाही ते."

"का?"

"भाजका वास. जळकट. माझ्या डब्याला व्हॅनिलाचा वास येतो, आणि डबे तर सगळे एकाच खोक्यातले. मला वाटलं, सरांनी लाडकीसाठी काही खास मागवलंय."

"हे कोणाला बोलली का नाहीस?"

"काय बोलू? चोरून खाल्लं आणि चव आवडली नाही, असं?"

आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीत दोन वजनकाटे होते, एक माणसांसाठी आणि एक अन्नासाठी. मुली त्यांनाच 'वजनकाटा' म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होते.

"म्हणू देत," त्या म्हणाल्या. "निदान काटा खोटं बोलत नाही. या पोरींना वाटतं, प्रोटीन म्हणजे जादू. डोंगरभर खाल्लं की डोंगराएवढी ताकद. मी रोज एकच सांगते: मेहनतीने स्नायू उसवतो, आणि विश्रांतीत तो पुन्हा विणला जातो. विणायला धागा हवा, तो प्रोटीनचा. पण धाग्याची गुंडी एकदम गिळून उपयोग नाही. थोडं सकाळी, थोडं सरावानंतर, थोडं जेवणात. दूध, डाळी, अंडी यांतून बहुतेक भागतं. डबा नुसता सोयीसाठी."

"डबे धोक्याचे असू शकतात, हे मुलींना माहीत आहे?"

"मीच सांगितलं. मागच्या हंगामात एक तास त्यावरच घेतला. कुठल्या कुठल्या डब्यांत बंदी असलेली द्रव्यं सापडली, ते दाखवलं. मुंगी त्या दिवशी पांढरीफटक पडली होती. पोर घाबरट आहे, बार सोडून सगळ्याला घाबरते. घरी आधीच व्याप. वडिलांना पक्षाघात झालेला. तिची वहिनी त्यांना घेऊन आली होती माझ्याकडे, फार खंगले होते. मी म्हटलं, म्हाताऱ्या स्नायूलाही हाच धागा लागतो, उलट अंमळ जास्तच. कोणी लक्षात घेत नाही."

मी परत कपाटांच्या ओळीपाशी गेले. मुंगीचा डबा काढला, टेबलावर कोरा कागद पसरला आणि डबा हलकेच त्यावर कलंडवला. पूड बाहेर आली.

ती पांढरी नव्हती.

तीन

फिकट तपकिरी, चिमटीत रवाळ लागणारी, आणि बोटांना किंचित तेलकट करणारी ती पूड कागदावर पसरली तेव्हा एखाद्या स्वयंपाकघराचे दार उघडल्यासारखा वास आला. मी चिमूटभर पूड पेल्यातल्या पाण्यात घालून ढवळली. साक्षीच्या बाटलीतल्या पुडीचा असाच पेला शेजारी ठेवला. साक्षीच्या पेल्यावर फेसाची जाड साय धरली, ती मोडेना. डब्यातल्या पुडीच्या पेल्यात रवा तळाशी बसला आणि पाण्यावर तेलाचे बारीक डोळे तरंगू लागले.

डब्यावरचे चित्र तेच, झाकण तेच, आत मात्र वेगळे काही. खेळाडूची सगळी भिस्त ज्या डब्यावर, त्यातला मालच कोणी बदलला होता.

शेजारी येऊन उभे राहिलेले सर हे पाहून एकदम लाल झाले. "म्हणजे हा कट आहे! माझ्या व्यायामशाळेत! मी आत्ताच्या आत्ता सगळ्या पोरींना..."

"सर," मागून आवाज आला.

मुंगी दारात उभी होती. तिने दोन्ही पेल्यांकडे पाहिले आणि मग जमिनीकडे.

"कोणाला बोलवू नका. तो डबा मीच भरलाय."

चार

सर तसेच बाहेर निघून गेले. त्यांच्या रागापेक्षा ते जाणे तिला जास्त लागले असावे. ती बाकावर बसली आणि पेल्यातल्या तेलाच्या डोळ्यांकडे पाहत बोलू लागली.

"वजनकाटा बाईंनी डब्यांचं सांगितलं त्या दिवसापासून मला पूड घशाखाली जाईना. प्रत्येक घोटाला वाटायचं, यात असेल काही. वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, एवढंच ना, मग घरी करू. सोयाबीन आणि शेंगदाणे भाजून ती दळून देते. डोळ्यांसमोर केलेलं. त्याची कसली भीती?"

"मग व्यायामशाळेच्या डब्यात का भरलंस?"

"सरांना घरचं काही चालत नाही. जे कपाटात आहे तेच प्यायचं, साक्षीच्या बाटलीसकट. मी नाही म्हटलं असतं तर म्हणाले असते, नखरे करते. म्हणून पहिला चमचा बाटलीत दिला, आणि उरलेली पूड... उरलेली बाबांना दिली. वहिनी त्यांच्या दुधात कालवते."

मला तिच्या भोळेपणाची दया आली आणि तिच्या हिशेबाची भीतीही वाटली. बाटली ज्या पुडीची साक्ष देत होती, ती पूड ही मुलगी पीतच नव्हती. साक्षीदार खरा होता. फक्त तो दुसऱ्याच्या खटल्यात उभा होता.

घरची पूड मी माझ्या जुन्या प्रयोगशाळेत पाठवली, आणि दोन गोष्टी मागितल्या. एक, डब्याच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या थरांची वेगवेगळी तपासणी. दुसरी, तिच्या लघवीच्या चाचणीचा पूर्ण आलेख, नुसती ठळक ओळ नव्हे. अहवाल लिहिणारा फक्त आरोपीचे नाव लिहितो. त्याच्याबरोबर कोण चालत होते हे तो सांगत नाही.

उत्तर आले. पुडीत तेच औषध होते. वरच्या थरात जेमतेम, मधल्यात मुळीच नाही, तळाशी पुन्हा थोडे. मुद्दाम मिसळलेले असे विरळ आणि विस्कळीत नसते. शिवाय इतके कमी, की त्याने कोणाचे वजन रतीभरही उतरले नसते. फायद्यासाठी घेणारा एवढेसे घेत नाही, आणि अडकवू पाहणारा इतक्या अंशावर विसंबून राहत नाही.

आलेखात मात्र एक गोष्ट होती जी ठळक ओळीत नव्हती. आलेखात प्रत्येक द्रव्याचे एक शिखर उमटते; त्या औषधाच्या शिखराशेजारी दुसरे एक बुटके शिखर उभे होते. त्यावर बंदी नाही, म्हणून कोणी त्याचे नाव घेतले नव्हते. ते रक्तदाब उतरवणारे औषध होते. ही दोन औषधे पुष्कळदा एकाच गोळीत असतात, आणि ती गोळी खेळाडूसाठी नसते. ती थकलेल्या हृदयासाठी असते.

म्हणजे गोळी कोणा रुग्णाची होती.

हे सांगायला मी सरांच्या खोलीत गेले. ते नव्हते. टेबलावर शिट्टी होती, चहाचा अर्धा कप होता, आणि कपाशेजारी रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, अर्धी रिकामी.

पाच

"बसा," दारातून येत सर म्हणाले. त्यांनी पट्टी पाहिली, मला पाहिले, आणि एक लांब उसासा टाकला. "या पोरींनी दिलेली देणगी आहे ती. डॉक्टर म्हणतो, ओरडू नका. मी म्हटलं, मग दुसरा धंदा सुचवा."

मी पट्टी उलटी करून वाचली. एकच औषध होते, आणि तेही वेगळे. आलेखातल्या दोघांपैकी एकही नव्हे. सर सुटले. पण त्या पट्टीने मला जे हवे होते ते दिले.

"गोळी कशी घेता?"

"कशी म्हणजे? तोंडात टाकली, वर चहाचा घोट."

"अख्खी?"

"मग काय चावून खाऊ?"

अख्खी गोळी मागे काही ठेवत नाही. ती पट्टीतून हातात, हातातून घशात जाते आणि संपते. या पुडीत मात्र गोळीची धूळ होती, आणि गोळी आपण होऊन धूळ होत नाही. कोणीतरी तिची पूड करत होते. अशी पूड कोण करतो? ज्याला गिळता येत नाही अशा माणसासाठी दुसरे कोणीतरी. आणि ती धूळ थोडी इथे, थोडी तिथे, कधी अजिबात नाही अशी का पडावी? कारण ती या पुडीत कोणी टाकलीच नव्हती. पूड जिथे तयार झाली, तिथेच ती आधीपासून बसून होती.

हे सगळे माझ्या मनात एका सरळ रेषेत उभे राहिले, आणि आयुष्यात प्रथमच एखादे उत्तर चुकीचे निघावे असे मला वाटले.

"मुंगीचं घर कुठे आहे?" मी विचारले.

सहा

दुसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर. खिडकीशी आरामखुर्चीत तिचे वडील बसले होते; चेहऱ्याची एक बाजू जागी, दुसरी झोपलेली. मुंगी आत आली तशी जागी बाजू उजळली.

"कि... ती उचललं?" त्यांनी विचारले. स्पर्धेनंतरचे काही त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

"खूप, बाबा," ती म्हणाली.

वहिनी पदर खोचून बाहेर आली. चपळ, बोलकी, घाम पुसायलाही फुरसत नसलेली. "या बाई, बसा. कपडे बाजूला सारा, लाजू नका. या घरात एक उचलणारी आणि एक उचलावा लागणारा. मधे मी. तिचे दादा कामावर गेलेत, ते फक्त घास उचलतात." आरामखुर्चीतून हसण्यासारखा आवाज आला. "बघा, सासऱ्यांना हे बरं कळतं!"

मी पुडीबद्दल विचारले. तिला अभिमानच वाटला. ओट्यावर काचेच्या बरणीत भाजलेले सोयाबीन होते, शेजारी मिक्सरचे लहान भांडे.

"एवढंच एक लहान भांडं आहे, पण जपते बघा किती. कोरडं दळायचं म्हटलं की पाण्याचा थेंब लागू देत नाही त्याला. ओल राहिली की पुडीला बुरशी धरते, आणि मग पोरीच्या पोटात काय जाईल? कोरड्या फडक्याने पुसते, झालं. घेतलं तेव्हापासून पाणी दाखवलेलं नाही."

भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून ती एकदम उठली. "अगंबाई, बाबांचं औषध राहिलं. बोला तुम्ही, मी ऐकतेय."

तिने फळीवरून पट्टी घेतली, गोळी काढली. वडिलांना पाण्याबरोबर अख्खी गोळी उतरत नव्हती, ठसका लागे. तिने चमचाभर साखर घेतली, कारण एकटी गोळी पात्याखाली सापडत नाही. मग बोलता बोलता, सहज, कित्येक महिन्यांच्या सवयीने, तिने ते लहान कोरडे भांडे उचलले, त्यात साखर आणि गोळी टाकली आणि बटण दाबले.

दुपारच्या उन्हात, माझ्या डोळ्यांदेखत, कोडे स्वतःहून सुटत होते. त्यात कट नव्हता, वैर नव्हते. डब्याच्या भीतीने मुंगीने जिचा आसरा घेतला, ती घरची माया होती, आणि ती इतकी काटेकोर होती की तिने भांड्याला पाणी लागू दिले नाही. एखादी गलथान बाई ते भांडे रोज विसळत राहिली असती, आणि ही मुलगी वाचली असती.

मिक्सर थांबला. दारात मुंगी उभी होती. तिच्या ध्यानात आले होते.

मी पट्टी मागून घेतली. तिच्यावर दोन औषधांची नावे छापली होती, शेजारी शेजारी, आलेखातल्या त्या दोन शिखरांसारखी.

"असं काय बघताय, बाई?" वहिनीने विचारले. मग मुंगीकडे पाहिले, मग हातातल्या भांड्याकडे. "मी?"

सात

मुंगीने मला जवळजवळ ओढतच जिन्यात आणले.

"हे लिहायचं नाही, मॅडम. मी सांगते, गोळी मीच घेतली. जाऊ देत दोन वर्षं."

"तुला कळतंय का तू काय म्हणतेस?"

"तुम्हाला कळत नाही! आई गेली तेव्हा मी एवढीशी होते, वेणीसुद्धा हीच घालायची माझी. दादा तिला उठता बसता ऐकवेल. बाबांना कळलं तर ते औषधच सोडतील. आणि ती... ती परत कधी माझ्यासाठी चूल पेटवणार नाही. मला माहितीये ना ती कशी आहे ते!"

"मी खोटं लिहीत नाही, पोरी. ते मला कधी जमलंच नाही."

"जिन्यात कुजबुजलं की तिन्ही मजल्यांना ऐकू जातं," वरून आवाज आला. "एवढी मोठी झालीस तरी अक्कल नाही आली."

वहिनी कठड्याला धरून उभी होती. डोळे कोरडे. "कुठे यायचंय ते सांगा, बाई. मी येते. भांडं आणते, पट्टी आणते. त्यांनी विचारलं तर दळून दाखवते. तू दोन वर्षं माझ्यासमोर रिकाम्या हाताने बसणार, आणि मी रोज तुझं ते तोंड बघणार? ते मला नाही झेपायचं."

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होते, पलीकडे तीन माणसे. मी आलेख दाखवला, थरांचा अहवाल दाखवला. भांड्याच्या पात्याखालून खरवडलेल्या धुळीतही तीच दोन औषधे निघाली होती, तेही सांगितले. एकाने चष्मा काढून वहिनीला विचारले, "एकाच भांड्यात औषध आणि खाणं दळू नये, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही," ती म्हणाली. "मला एवढंच माहीत होतं, की हिला ताकद हवी आणि त्यांना औषध. दोन्ही मी सारख्याच जिवाने दळलं."

विचारणाऱ्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि ते उत्तर जसेच्या तसे लिहून घेतले.

निकाल दुपारी लागला. बंदी नाही. डब्यातला माल लपवल्याबद्दल ताकीद. पण नियमाला हेतू दिसत नाही, फक्त अंश दिसतो. म्हणून निवड स्पर्धेतला तिचा क्रमांक रद्द. संघात तोफ जाणार. तोफ दाराबाहेरच उभी होती. ती पुढे येऊन मुंगीला म्हणाली, "मला हे असं नको होतं."

"मग जाऊन पदक आण," मुंगी म्हणाली. "हात हलवत आलीस तर बघ. परत आलीस की मी आहेच."

"तुला लोळवीन."

"बघू."

इमारतीच्या पायऱ्यांवर वहिनी एकटी बसली होती, भांड्याची पिशवी पायाशी. मुंगी तिच्या शेजारी बसली. सकाळपासून दोघींच्या पोटात काही नव्हते. मुंगी नुसती म्हणाली, "भूक लागली."

वहिनीने रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे बोट दाखवले. "तिथे खा काहीतरी. माझ्या हातचं नको आता."

"तुझ्याजवळ काही आहे का?"

वहिनीने पिशवीतून रुमालाची गाठ काढली. आत उकडलेली दोन अंडी होती, टरफलासकट. तिने एक मुंगीच्या तळहातावर ठेवले आणि आपला हात झटकन मागे घेतला.

"टरफल फोडलेलं नाही," ती म्हणाली. "आत माझा हात लागलेला नाही. तू स्वतः सोल."

मुंगीने ते अंडे दोन्ही हातांत धरून ठेवले, जड असल्यासारखे. मग वहिनीचा हात ओढून घेतला, त्यात अंडे ठेवले आणि तिची बोटे मिटवली.

"तू सोलून दे."

मी दोन पायऱ्या वर उभी होते. खाली उतरायचे मी थांबवले. वहिनीने अंडे पायरीच्या कडेवर हलकेच आपटले. पहिला तुकडा तिच्या नखाला लवकर सापडेना.

"मीठ नाही," ती म्हणाली.

"चालेल," म्हणत मुंगीने हात पुढे केला.